कातरणीची सावड

मेंढीच्या फऱ्यावरची लोकर दोन्ही अंगठ्यांनी फाकवली की आधी वाळल्या चिखलाचा थर दिसतो. त्याखाली उन्हानं तांबूस पडलेला काळा रंग, आणि अगदी कातडीपाशी खरा काळा, ओला, चकाकणारा. शीलानं तिथं बोट टेकलं. ऊन पडायला लागून बरेच दिवस झाले होते, तरी बोट ओलं झालं. तिनं कातडी दाबून सोडली. पांढरा ठसा उमटला आणि तो भरून यायला नेहमीपेक्षा वेळ लागला. बोटाला आंबूस वास येत होता.

"किडे न्हाईत, आत्याबाई," ती सासूला म्हणाली.

"न्हाईत म्हनू नको. अजून दिसना गेलेत म्हन." कोंडाबाई दुसऱ्या मेंढीची शेपटी वर करून बघत होती. "ह्या लोकरीच्या आत काय शिजायलंय, कुनाला ठावं."

त्या वर्षी पोळ्याला धरलेला पाऊस दिवाळीपर्यंत उघडला नव्हता. सोयाबीनच्या शेंगांना झाडावरच मोड आले. मेंढरं रात्रंदिवस चिखलात उभी राहिली. दसरा झाला की ऊन तापतं, तेव्हा लोकर कातरायची, म्हणजे थंडीपर्यंत अंगावर बोटभर वाढते. या वेळी दसरा भिजत गेला. आता ऊन होतं, पण सकाळी तोंडातून वाफ निघायला लागली होती. चार दिवस उशीर झाला तर कातरलेली मेंढरं थंडीनं काकडणार, आणि कातरली नाहीत तर ओल्या लोकरीखाली अंग कुजणार.

ताडकळसच्या अलीकडं, कापून रिकाम्या झालेल्या सोयाबीनच्या रानात त्यांचा मेंढरांचा वाडा बसला होता. भोवती वाघर लावलेली, म्हणजे सुताच्या दोरीची जाळी. मल्हारी, शीलाचा सासरा, त्या वाघरीची सुटलेली गाठ मारत होता. दोरीचं एक टोक त्यानं दातात धरलं होतं. उन्हाळ्यात टेम्पोत मेंढरं चढवताना तो पडला आणि उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. अंगठा आता बोटांपर्यंत पोचत नव्हता. कातर धरायला नेमका तोच अंगठा लागतो.

एके काळी मल्हारीची कातर बघायला लोक उभे राहायचे. त्यानं हात फिरवलेली मेंढी उठून उभी राहिली की अंगावर एक वाकडी रेघ दिसायची नाही.

"मामा, निरोप धाडायचा का पंडितनानाला?" शीलानं विचारलं.

मल्हारीनं दातातली दोरी काढली. "कोन्त्या तोंडानं?"

कातरणी मजुरावर होत नाही. एका वाड्याची कातरणी निघाली की आजूबाजूच्या वाड्यांवरचे भाऊबंद आपापली कातर घेऊन येतात. जेवतात, कातरतात, जातात. मग त्यांची कातरणी निघते तेव्हा यांनी जायचं. ही सावड. पावसाळ्याआधीच्या कातरणीत मल्हारीचा हात फळीला बांधलेला होता आणि मुलगा रामकिशन परभणीला. या घरातून कुणी कुणाच्या वाड्यावर गेलं नव्हतं. सावड अंगावर होती, आणि हे न बोलता सगळ्यांना माहीत होतं.

कोंडाबाई शनिवारी पोखर्णीच्या नृसिंहाला गेली. मल्हारीचा चुलतभाऊ पंडित बायकोला घेऊन तिथं दर शनिवारी येतो. संध्याकाळी परत आली ती पायातल्या चपला झटकत एवढंच म्हणाली, "सोमवारी येतेत."

"काय म्हनला पंडित?" मल्हारीनं विचारलं.

"म्हनला, हात मोडल्या मान्साला सावड इचारायची का?"

मल्हारी खोकला. मग उठून उगाच एडक्याच्या गळ्यातली घंटा नीट करायला गेला.

त्याच संध्याकाळी रामकिशन आला. मोटरसायकलच्या मागं भलंमोठं खोकं बांधलेलं होतं. तो परभणीत बी-बियाणं आणि औषधांच्या दुकानात कामाला होता. गावोगाव फिरून कंपनीचा माल खपवायचा. चांगला बोलायचा, उन्हातान्हात हिंडायचा, कुणाला फसवायचा नाही. मालकाचा त्याच्यावर भरवसा होता. उन्हाळ्यात त्यानं तिथं खोली घेतली होती. पाण्याचा नळ आत, वर पंखा. शीलानं यावं असं त्याला वाटत होतं, आणि तो ते दर आठवड्याला म्हणायचा. शीला दर वेळी म्हणायची, "कातरनी होऊ द्या."

"सोमवारची सुट्टी टाकलीय," तो चहा पिताना म्हणाला. "एका दिवसात झाली पायजे. कातरून स्वच्छ केलेल्या मेंढराला भाव येतो. ताडकळसच्या बाजारातला यापारी येऊन बगून जातो म्हनलाय."

मल्हारी बशीतला चहा फुंकत राहिला. कोंडाबाईनं चुलीत काटकी सारली.

"आबा, तुमच्या हातानं आता व्हनार हाय का हे? माय किती पळंल? आन ही?" त्यानं शीलाकडं मान केली. "ही काय जलमभर लेंड्याच झाडंल का?"

मेंढरं विकायची की नाही, हे त्या घरात महिनोन्‌महिने असंच पडून होतं. रामकिशन विचारायचा, मल्हारी चहा फुंकायचा, आणि शीला उठून कोकरांकडं जायची.

आताही ती उठली.

रविवारी धुणं होतं. ओढ्याला अजून मांडीभर पाणी होतं. कातरणीच्या आदल्या दिवशी मेंढरं धुवायची, नाहीतर लोकरीतली माती कातरीची धार खाते. शीला आणि कोंडाबाई लुगड्याचे काचे मारून पाण्यात उभ्या राहिल्या. रामकिशन पँट गुडघ्यापर्यंत दुमडून काठावरून एकेक मेंढी ढकलत होता. मेंढी पाण्यात पडली की तिची लोकर पाणी पिते आणि तिचं वजन दुप्पट होतं. मग तिला एका हातानं हनुवटीखाली धरायचं, नाकात पाणी जाऊ द्यायचं नाही, आणि दुसऱ्या हातानं पाठ, बगला, पोट चोळायचं. माती ढगासारखी पाण्यात पसरत होती. शीलाचे हात कोपरापर्यंत गारठून सुन्न झाले, तरी बोटं कातडीवरची प्रत्येक खपली ओळखत होती. खपली लागली की ती तिथं चोळायची नाही, नुसतं पाणी सोडायची.

"परभनीला नळ हाय म्हनं घरात," कोंडाबाई म्हणाली.

"हाय."

"मंग?"

"मंग काय, आत्याबाई?"

"मी न्हाई आडवनार तुला. नंतर म्हनशील, सासूनं धरून ठिवली." कोंडाबाईनं एका मेंढीला काठाकडं रेटलं. "मी बी तुज्याएवढी असताना लय रडायचे मेंढरामागं. पायात काटं, डोक्यावर पाल, पाठीला पोर. कुनी म्हनलं असतं ना, चल नळ दाखिवतो, तर मी म्हागं वळून बगितलं नस्तं."

"आन आता?"

"आता मला कोन नेतंय? नळाला बी तरनी बाई लागती भरायला."

शीला हसली. हसताना हातातली मेंढी निसटली आणि दोघींच्या तोंडावर पाणी उडवून काठावर चढली. रामकिशनचा पांढरा शर्ट चिखलानं भरला. आदल्या दिवशी एवढं तावातावानं बोललेला माणूस दिवसभर गुमान मेंढरं उचलत होता, आणि त्याच्या पाठीची शीर चालताना ताठलेली शीलाला दिसत होती. हाडाचा मेंढपाळ तो होताच. नुसता विसरायला बघत होता.

पावसात एक गोष्ट झाली होती. ती रामकिशनला माहीत नव्हती. मेंढरांच्या अंगावर चिघळलेल्या जागा पडायला लागल्या तेव्हा तिथली लोकर कापून औषध भरायला हवं होतं. मल्हारीच्या हातात कातर ठरेना. दोनदा पडली, तिसऱ्यांदा त्यानं ती शीलासमोर ठेवली आणि पाठ फिरवून बसला. बाईनं कातर धरू नये, असा दस्तूर कुणी सांगितलेला नव्हता. धरलेलीही कुणी पाहिली नव्हती. तिनं धरली. जखमेभोवती तळहाताएवढी जागा, रोज दोन-चार मेंढरं. तिला पहिल्यांदा कळलं की कातडी सपाट नसते. बगलेत तिची घडी पडते, आणि ती घडी डाव्या हातानं ताणली नाही तर कातरीला लोकर आणि कातडी यांत फरक कळत नाही. हे तिला कुणी शिकवलं नाही. मल्हारी पाठमोरा बसून नुसता आवाज ऐकायचा आणि मधेच म्हणायचा, "दाबायलीस. उचल."

सोमवारी तांबडं फुटायच्या आत मंडळी आली. पंडित, नाकात बोलणारा, हातानं सगळ्यांत सफाईदार. त्याचा जावई जीवन, नवा, तडफदार. म्हातारा योगीराज, हात संथ, पण रोगट, गुंतलेल्या लोकरीची मेंढरं सगळे त्याच्याकडं सरकवायचे. बरोबर आणखी दोघं भाऊबंद. जमिनीवर ताडपत्री पसरली. कातरी फडक्यातून निघाल्या. एकच निसणा होता, धारेचा दगड. तो थुंकी लावून हातोहात फिरू लागला.

"दादा, हात दाखीव," पंडित आल्याबरोबर म्हणाला. मल्हारीनं दाखवला. पंडितनं तो उलटा-सुलटा करून पाहिला. "कोनी बसिवला रं हा? सुतारानं?"

"लोहारानं."

"तरीच. घण मारल्यावानी दिसायलाय." आणि मग हात सोडायच्या आधी त्यानं तो क्षणभर दाबून धरला.

शीलानं पहिली मेंढी धरून आणली. तिचे पाय चिंधीनं बांधले, मान पंडितच्या मांडीवर टेकवली. पंडितनं पोटापासून सुरुवात केली. त्याची कातर कातडीवर आडवी निजायची आणि उठायचीच नाही, नुसती सरकायची. डावा हात तिच्या पुढं चालायचा, कातडी ताणत, रस्ता करत. लोकर तुकड्या-तुकड्यांनी पडत नव्हती. अंगरखा काढावा तशी एकसंध उलगडत होती, आतून काळी, लवलवती. थोड्या वेळात मेंढी उभी राहिली. लहान, हलकी, स्वतःच्या अंगाला चकित झालेली. शीला लोकर गोळा करता करता थांबून बघत राहिली. असं काम पुढ्यात होत असलं की डोळा हलत नाही.

"काय रं जीवन," पंडित मान वर न करता म्हणाला, "मेंढराची दाढी करायलास का? गालावरून किती फिरवशील?"

"सासऱ्याच्या म्होरं हात थरथरतो, मामा."

"लगनात न्हाई थरथरला तो."

हसणं झालं. योगीराजपुढं जुना एडका आला होता. पोटाखालची लोकर गोखरूच्या काट्यांनी गुंतून घट्ट नमदा झालेली. तो एकेक काटा बोटानं सोडवत, एडक्याशी बोलत बसला होता. "ऱ्हा रं, ऱ्हा राजा. तुजंच काढायलोय." काम असं सुरू होतं की कुणी कुणाला सांगत नव्हतं. ज्याचं संपलं तो शेजारच्याच्या मेंढीचा मागचा पाय धरायचा.

ऊन डोक्यावर येऊ लागलं तेव्हा रामकिशननं बाजेवर ते खोकं आणून ठेवलं आणि वरचा कागद फाडला. आत मोठा चकचकीत कुकर होता. शेजारी त्यानं झाकणाचे स्टीलचे डबे मांडले.

"वैनी, आज मटन कुकरात का?" पंडित म्हणाला.

"मला काय इचारता? लेकाला इचारा. चूल फुकून फुकून माजे डोळे गेले, तवा न्हाई आला कुकर."

रामकिशन हसला. पुढं झाला. दुकानात शेतकऱ्यांपुढं उभा राहायचा तसा उभा राहिला, हात मागं बांधून. "नाना, सगळ्यांनी ऐका. आज लय मेहनत करायलाव तुमी. म्हून एक ठरिवलंय. आज जो सगळ्यात जास्त मेंढरं कातरंल, त्याला हा कुकर. बाकीच्यास्नी एकेक डबा. कोनी मोकळ्या हातानं जायचं न्हाई."

कातरी थांबल्या. पंडितनं कुकरकडं पाहिलं, मग मल्हारीकडं. मल्हारी खाली बघत होता. पंडित पुन्हा खाली वाकला.

"खरंच का, पाव्हनं?" जीवननं विचारलं. त्याची घरवाली नवी होती, घर नवं होतं.

"खरंच."

जीवन पेटला. त्यात लबाडी नव्हती. तरण्या हाताला निमित्त मिळालं होतं. पण थोड्याच वेळात शीलाच्या लक्षात आलं की तो तिनं आणलेली मेंढी घेत नाही. तो स्वतः उठून निवडतो. पाठ्या, म्हणजे न व्यालेल्या तरण्या मेंढ्या, आणि विरळ लोकरीच्या मेंढ्या त्याच्याकडं जायला लागल्या, आणि गाठाळ लोकरीची जनावरं एका बाजूला साचत गेली. निसणा त्याच्यापाशीच राहिला. बोथट झालेल्या कातरीनं दुसरा गडी दोनदा "दगड दे" म्हणाला आणि मग म्हणायचा थांबला. बोलणं बंद झालं. आता नुसता कातरींचा आवाज होता, आणि तो एका लयीत नव्हता.

योगीराजनं एडक्याचं पोट पुरं केलं आणि पाठीवर हात ठेवून उठला. "मी शर्यतीतून भाईर, बाबा. माझं आपलं गोगलगाईचं काम." तो सावलीला जाऊन तंबाखू मळत बसला. सकाळपासून त्याला कुणी गोगलगाय म्हणालं नव्हतं.

रामकिशन मात्र खुशीत होता. "बगितलं का, आबा? हात कसा उचललाय. दुकानात बी असंच. टार्गेट दिलं की मानूस पळतो."

तेवढ्यात जीवनच्या मांडीवरची मेंढी ओरडली. बगलेतली घडी त्यानं ताणली नव्हती. कातर आत गेली आणि काळ्या लोकरीवर रक्त चमकत खाली आलं.

मल्हारी उठला. सकाळपासून तो पहिल्यांदा उठला होता. त्यानं डाव्या हातानं जखम दाबून धरली आणि शीलाला म्हणाला, "हळद." शीलानं हळद भरली, कडा जुळवून धरल्या. जीवनचा चेहरा पडला होता. "चुकलं, मामा," तो म्हणत होता. "घाई झाली."

पंडितनं मांडीवरची मेंढी शांतपणे पुरी केली. अर्धी कातरलेली मेंढी कुणी सोडत नाही. तिचे पाय सोडले, तिच्या पाठीवर थाप मारली. मग कातर धोतराला पुसली आणि फडक्यात गुंडाळायला लागला. त्याला बघून बाकीच्यांनीही हातातलं काम संपवत आणलं.

"नाना, काय झालं?" रामकिशन पुढं आला. "जेवान व्हायचंय अजून. निम्मी बी झाली न्हाईत."

"बस रं जरा. एक इचारतो." पंडितनं त्याला समोर बसवलं. "हा कुकर तुला कुटं गावला?"

"कंपनीनं दिला. जिल्ह्यात पयला नंबर आला माल खपिवन्यात. हॉलमदी कार्यक्रम होता."

"ब्येस. खुशी झाली आसंल."

"झाली तर." रामकिशनचा आवाज उजळला. "स्टेजवर नाव घेतलं, नाना. पुरं नाव. बाचं नाव लावून. मल्हारी म्हनताना मला लय ग्वाड वाटलं."

मल्हारीनं मान वर केली.

"मंग घरी न्हेऊन भात शिजिवला का ह्यात?"

"न्हाई. उघडलाच नव्हता. खोलीवर कोन शिजिवनार?" बोलून झाल्यावर त्याची नजर शीलाकडं गेली आणि परत आली.

"म्हंजी तू नावासाठी पळालास, कुकरासाठी न्हाई." पंडित हे टोचून बोलला नाही, हिशेब जुळवावा तसं बोलला. "आता माझं ऐक. तुज्या बानं माज्या बापाची मेंढरं कातरली. त्येच्या म्होरं आमी तुमची. कोन कुनाचं किती देनं लागतो, आमाला बी ठावं न्हाई, आन ते ठावं नसतंय म्हून तर मानूस परत येतो. तू आज मला कुकर दिलास, ह्याला डबा दिलास. फिटलं. सावड फिटली. मंग माझी कातरनी निघाल्यावर मी तुला हाक कोन्या हक्कानं मारू?"

रामकिशननं बाजेवरच्या कुकरकडं पाहिलं.

"आन सावड फेडून मोकळा कोन व्हतो, सांग? ज्येला परत यायचं नसतंय, तो. आमी कुकर बगितला तवाच समजलो. तुमी मेंढरं इकायलाव."

"नाना, खोटं कामून बोलू," रामकिशन हळू म्हणाला. "मला वाटलं, आमच्याकडून आता तुमच्याकडं कोनी येनं व्हनार न्हाई. तर निदान रिकाम्या हातानं कामून लावावं? तुमचा मुलायजा ठिवावा म्हून आनलं मी."

हे खरं होतं, आणि सगळ्यांना ते खरं वाटलं. पंडितनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तुजं मन चांगलंय, पोरा. म्हून तर बसलो बोलत. न्हाईतर कवाच उठलो अस्तो." तो मल्हारीकडं वळला. "दादा, तू बोल. इकायची का?"

"मला इचारू नको." मल्हारीनं वाकडा हात मांडीवर ठेवला. "कातर ज्येच्या हातात, त्येला इचार."

कुणाला काही कळलं नाही. कोंडाबाईला तेवढं कळलं. तिनं चुलीवरची कढई खाली उतरवून ठेवली.

शीला बाजूला साचलेल्या जनावरांत गेली. तिथं दुसरा एक मेंढा होता, मानेपासून शेपटीपर्यंत लोकरीचा लगदा झालेला. जीवननं तो दोनदा टाळला होता. तिनं त्याला शिंगाला धरून ताडपत्रीवर आणलं, गुडघ्यानं रेटून पाडलं, पाय बांधले. मग सासऱ्याच्या पिशवीतून कातर काढली. निसणा जीवनपाशी होता. तिनं हात पुढं केला. जीवननं तो मुकाट्यानं दिला. तिनं धार लावली, अंगठ्याच्या नखावर बघितली, आणि खाली बसली.

"आगं—" दोघांपैकी एक भाऊबंद म्हणाला. पंडितनं हातानं त्याला थांबवलं.

तिचा हात संथ होता. पंडितसारखी सरकत नव्हती तिची कातर. थांबत, चाचपत जात होती. लोकर एकसंध निघत नव्हती. मेंढा ताकदीचा होता, त्यानं झटका दिला की तिला सगळं अंग त्याच्यावर टाकावं लागायचं. कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला तरी तिला पुसता येईना. रामकिशन थोडा वेळ उभा राहिला. मग तो इस्त्रीच्या पँटीसकट ताडपत्रीवर बसला आणि मेंढ्याचं डोकं दोन्ही हातांनी मांडीशी धरलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

"कवा शिकलीस?" त्यानं हळू विचारलं.

"पावसात."

बगल आली. तिनं डाव्या हाताची चारही बोटं रोवून घडी ताणली, कातर आडवी केली. आवाज बारीक झाला. मल्हारीनं डोळे मिटले होते. तो ऐकत होता. "दाबू नको," असं म्हणायला त्यानं ओठ उघडले आणि म्हणावं लागलं नाही.

"पाठीवर आली की उलटी फिर," पंडित म्हणाला. तो कधी तिच्या शेजारी येऊन उकिडवा बसला होता ते तिला कळलं नव्हतं. "शेपटीकून मानेकडं. हां. आसं."

"शेपटीकडं चामडी लय पातळ हाय ह्येची, नाना."

"मंग थांब तितं. घाई कोनाला हाय?"

सावलीतून योगीराज उठून आला. तंबाखू थुंकला, मेंढ्याच्या मागच्या पायाशी बसला आणि खुराजवळचे गोखरू बोटानं सोडवायला लागला. "हे तुला न्हाई जमायचं, पोरी, हे माझं खातं," तो म्हणाला. जीवन चोरट्यासारखा जवळ आला आणि त्यानं तिनं कापलेली लोकर तिच्या पायाखालून ओढून गोळा केली.

कातरणं संपलं तेव्हा मेंढ्याच्या पाठीवर पायऱ्या-पायऱ्या उठल्या होत्या. कुठं लोकर बोटभर राहिली होती, कुठं अगदी कातडीला भिडली होती. पण त्याच्या अंगावर रक्ताचा ठिपका नव्हता. पंडितनं त्याच्या बगलेत, जांघेत, शेपटीखाली बोटं फिरवून बघितली. फार वेळ बघितली. नव्या गड्याचं पहिलं जनावर असंच बघतात.

"दिसायला वाईट हाय," तो शेवटी म्हणाला. "जनावराला चांगलं हाय."

मग तो मांडी घालून बसला, समोर सगळे ऐकतील अशा आवाजात, आणि नेहमीच्या वाक्यात त्यानं नेहमीची गोष्ट विचारली. ती प्रत्येक कातरणीला विचारली जाते. त्या दिवशी ती विचारायची की नाही हे त्यालाही सकाळपासून ठरवता आलं नसावं.

"आमची कातरनी म्होरल्या सोमवारी हाय, पोखर्नीच्या माळाला. ह्या वाड्यावरून कोन यील?"

रामकिशननं मेंढ्याच्या डोक्यावरचे हात काढले नाहीत. "नाना, सोमवारी मला दुकान—" तो म्हणाला आणि बायकोकडं बघायला लागला. कोंडाबाई चुलीपाशी उभी होती. मल्हारीनं डोळे उघडले.

शीलानं मेंढ्याच्या पायांची चिंधी सोडली. तो धडपडत उठला, अंग झटकलं आणि कळपात गेला. तिनं पदरानं तोंड पुसलं. आधी ती पंडितकडं वळली आणि मग, पहिल्यांदाच सगळ्यांदेखत, नवऱ्याच्या तोंडाकडं सरळ बघून बोलली.

"मी येते, नाना. मेंढरं इकायची न्हाईत. तुमी आयतवारी येत जावा परभनीहून, मी हितंच ऱ्हानार हाय."